अन्यायाचा इतिहास वर्गात कसा शिकवावा? : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

आदिवासींवर झालेला अन्याय मुलांना कसा शिकवावा, या विषयावर आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली असली तरी त्यांचा आशय कायम ठेवला आहे.

प्रश्न : मी एका माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. वर्गातील निम्मी मुले वारली आणि कोकणा समाजाची आहेत, उरलेली इतर समाजांची. त्यांपैकी काहींच्या घराण्यांकडे पूर्वी मोठ्या जमिनी होत्या. पाठ्यपुस्तकात उठावांची नावे आणि साले येतात, पण लोक मुळात का उठले हे मुलांना कळत नाही. मी वेठबिगारीबद्दल बोलू लागले की वारली मुले मान खाली घालतात आणि बाकीची मुले त्यांच्याकडे पाहू लागतात. हा भाग शिकवावा तरी कसा? — एक शिक्षिका, डहाणू तालुका

उत्तर : मुलांनी मान खाली घालण्याचे कारण बहुधा धड्याच्या सुरुवातीत आहे. वेठबिगारीचे वर्णन मारहाणीपासून आणि उपासमारीपासून सुरू झाले की वर्गाच्या दोन बाजू पडतात. ज्यांच्या पणजोबांनी मार खाल्ला ती मुले एका बाजूला आणि ज्यांच्या पणजोबांनी तो दिला असेल ती दुसऱ्या बाजूला, अशी वाटणी कोणी काही न बोलताच होऊन जाते. मारहाण झाली नाही असे नव्हे, आणि ती लपवावी असेही मी म्हणणार नाही. पण मारहाण करणाऱ्याला ती करून पचवता का आली, हा प्रश्न आधी यायला हवा, आणि त्याचे उत्तर सरकारी कागदपत्रांत सापडते. म्हणून धड्याची सुरुवात कागदापासून करावी.

भारतीय वन अधिनियम, १९२७ हा कायदा आपल्या हाताशी आहे. त्याआधी १८६५ आणि १८७८ चे वन कायदे होते, आणि १९२७ च्या कायद्याचा सांगाडा बराचसा १८७८ च्याच कायद्याचा आहे. त्यातील फक्त तीन कलमे फळ्यावर सोप्या मराठीत लिहावीत. कलम ६ सांगते की एखादे जंगल राखीव करायचे असेल तर वन जमाबंदी अधिकाऱ्याने आसपासच्या प्रत्येक गावात स्थानिक भाषेत जाहीरनामा प्रसिद्ध करावा आणि त्या जमिनीवर कोणाचा हक्क असेल तर त्याने तो किमान तीन महिन्यांच्या मुदतीत लेखी कळवावा किंवा अधिकाऱ्यापुढे हजर राहून सांगावा. कलम ९ सांगते की ज्या हक्काबद्दल असा दावा आला नाही आणि जो चौकशीतही उघड झाला नाही, तो हक्क संपुष्टात येतो. उशिराचे पुरेसे कारण अंतिम अधिसूचनेपूर्वी पटवून देता आले तरच अपवाद. कलम १० मध्ये फिरत्या शेतीविषयी म्हटले आहे की ती सर्व बाबतींत केवळ सवलत मानली जाईल आणि सरकारला तिच्यावर नियंत्रण घालता येईल, ती मर्यादित करता येईल किंवा बंदही करता येईल.

ही कलमे वाचून झाल्यावर सगळ्या वर्गाला, म्हणजे दोन्हीकडच्या मुलांना, एकच काम द्यावे. शाळेच्या फाटकापासून आपल्या घरापर्यंत जी पायवाट आहे, तिच्यावरून चालण्याचा आपल्या कुटुंबाचा हक्क आहे हे उद्यापर्यंत लेखी पुराव्यानिशी सिद्ध करा, असे सांगावे. दुसऱ्या दिवशी कोणी पावती आणणार नाही, कोणी नकाशा आणणार नाही. जास्तीत जास्त एखादे मूल म्हणेल की आमच्या आजीला विचारा. त्या क्षणी वर्गातल्या कोणाचीही मान खाली जात नाही, कारण सगळेच दावेदार असतात आणि सगळ्यांचाच दावा फेटाळला जाणार असतो. मग विचारावे की जाहीरनामा मराठीत होता, पण पाड्यावर वारली बोलली जात असे. तो वाचला कोणी असेल? लेखी दावा लिहून देणारा माणूस गावात कोण होता, आणि तो कोणाच्या बाजूचा होता? तालुक्याच्या गावी हजर राहायला निघालेल्या माणसाची त्या दिवसाची मजुरी कोण देणार होते? या तीन प्रश्नांवर एक पूर्ण तासिका खर्च झाली तरी ती वाया गेली असे समजू नये.

आपल्या भागात राबाचे उदाहरण घेतल्यास मुलांना ते अधिक जवळचे वाटेल. भाताचे रोप करण्यापूर्वी झाडांच्या डहाळ्या, पालापाचोळा आणि शेण पसरून जमीन भाजायची, याला राब भाजणे म्हणतात हे आपल्या विद्यार्थ्यांना सांगायला नको. त्यांच्यापैकी अनेकांनी ते घरी पाहिलेले असते. वनखात्याने डहाळ्या तोडण्यावर निर्बंध घातल्यावर ठाणे आणि कुलाबा (आताचा रायगड) या दोन जिल्ह्यांत इतका असंतोष माजला की मुंबई सरकारला १८८५ साली वन आयोग नेमावा लागला. म्हणजे एका पिकाच्या रीतीवर आलेली बंदी सरकारदरबारी आयोगापर्यंत पोहोचली होती. यावरून मुलांना हेही कळते की त्या काळचे लोक मुकाट्याने सोसत बसलेले नव्हते.

इतके झाल्यावर वेठबिगारीकडे यावे. जंगल राखीव झाले, उरलेली जमीन कर्जापोटी सावकारांच्या आणि जमीनदारांच्या नावावर गेली, आणि जो काल स्वतःच्या शेतावर राबत होता तो त्याच शेतावर कूळ म्हणून राबू लागला. कूळ झाल्यावर मालक बोलावील तेव्हा फुकट किंवा नाममात्र मजुरीवर कामाला जाणे भाग होते. लग्नासाठी काढलेल्या कर्जापोटी वर्षानुवर्षे राबणाऱ्या ‘लग्नगड्या’ची पद्धतही याच व्यवस्थेतून आली. हे केवळ चळवळीतील लोकांचे म्हणणे नव्हते. मुंबई सरकारने नेमलेले सनदी अधिकारी सिमिंग्टन यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस आदिवासी भागांची पाहणी करून जो अहवाल दिला, त्यात वेठ, मारहाण आणि लग्नगडी या तिन्हींची नोंद आहे. सरकारच्याच अधिकाऱ्याचा अहवाल असल्यामुळे ‘हे वाढवून सांगितलेले आहे’ हा आक्षेप वर्गात फारसा टिकत नाही.

त्यानंतर झरीच्या सभेचा धडा घ्यावा. २३ मे १९४५ रोजी तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातील झरी गावी किसान सभेचे नेते गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या पुढाकाराने सुमारे पाच हजार आदिवासी जमले आणि त्यांनी ठरवले की रोख बारा आणे रोज मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या खासगी जमिनीवर काम करायचे नाही, वेठ करायची नाही, मारहाण झाली तर प्रतिकार करायचा आणि एकजूट सोडायची नाही. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाडे येथे जमलेल्या जमावावर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगडसह पाच जण मृत्युमुखी पडले. गोळीबार जरूर सांगावा, पण वेळ कमी असेल तर तो झरीच्या ठरावाला द्यावा. पाच हजार माणसांनी मजुरीचा दर ठरवला, ही गोष्ट वारली मुलांना ताठ मानेने ऐकता येते आणि इतरांनाही तिच्यातून शिकण्यासारखे काही असते. उठावांची नावे शिकवतानाही हाच क्रम उपयोगी पडेल. राघोजी भांगरे यांना २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिले, हे वाक्य पाठ करून घेण्यापूर्वी महादेव कोळ्यांचा राग सावकारांच्या वह्यांवर आणि त्या वह्यांमागे उभ्या राहिलेल्या नव्या न्यायालयांवर का होता, हे विचारावे. केवळ वीरांची यादी दिली तर मुलांच्या मनात शौर्य राहते आणि कारण गळून जाते.

शेवटी २००६ चा वनहक्क कायदा. त्याच्या उद्देशिकेतच म्हटले आहे की वसाहतकाळात आणि स्वतंत्र भारतातही राज्याची वने एकत्रित करताना वनवासी अनुसूचित जमातींचे आणि इतर पारंपरिक वननिवासींचे पूर्वजांच्या जमिनीवरील हक्क पुरेसे मान्य केले गेले नाहीत आणि त्यातून त्यांच्यावर ऐतिहासिक अन्याय झाला. संसदेने संमत केलेल्या कायद्यात अशी कबुली सहसा आढळत नाही. म्हणून हे वाक्य मुलांकडून वहीत उतरवून घ्यावे. या कायद्याच्या नियमांत पुरावा म्हणून दावेदाराव्यतिरिक्त इतर वडीलधाऱ्यांचा लेखी नोंदवलेला जबाब चालतो. जुने बांध, विहिरी, दफनभूमी, देवस्थाने यांचाही पुरावा धरला जातो. आदल्या दिवशी ‘आमच्या आजीला विचारा’ असे म्हणणाऱ्या मुलाचा दावा आता ग्राह्य धरला, असे फळ्यावर लिहून तास संपवता येईल.

दोन पथ्ये मात्र पाळावीत. जमीनदार आणि वेठबिगार यांचे नाटुकले वर्गात बसवू नये. त्यात कोणाच्या हातात चाबूक द्यायचा हा प्रश्न येतोच आणि मुले त्याचे उत्तर आडनावावरून देतात. तसेच ‘तुझ्या घरी काय झाले ते सांग’ असे कोणत्याही मुलाला उभे करून विचारू नये. एखाद्याने आपणहून सांगितले तर ऐकून घ्यावे, आणि त्याची हकिकत इतर वर्गांत सांगायची असेल तर त्याच्या घरच्यांना आधी विचारावे.

प्रश्न : आमच्या शाळेत दरवर्षी ९ ऑगस्टला आदिवासी दिन साजरा होतो. मुलांना पानांचे कपडे आणि पिसांचे मुकुट घालून नाचवले जाते. मी नवा शिक्षक आहे. याला विरोध करावा का, आणि करायचा तर त्याऐवजी काय सुचवावे? — एक वाचक, नाशिक जिल्हा

उत्तर : विरोध करावा, पण पर्याय हातात घेऊन करावा, नाहीतर कार्यक्रमच रद्द होईल आणि पुढच्या वर्षी तेच कपडे पुन्हा बाहेर येतील. आपल्या भागातील कोकणा, वारली, महादेव कोळी किंवा ठाकर यांच्यापैकी कोणीही पिसांचे मुकुट घालून शेतावर जात नाही. ही वेशभूषा कोठून तरी चित्रपटांतून आणि कॅलेंडरांवरून आली आहे आणि तिच्यामुळे वर्गातल्याच आदिवासी मुलाला आपण दुसरेच कोणी आहोत असे वाटू लागते. हा दिवस संयुक्त राष्ट्रांनी निवडला तो १९८२ साली याच तारखेला जिनिव्हात मूलनिवासी लोकांच्या प्रश्नांवरील कार्यगटाची पहिली बैठक झाली म्हणून. म्हणजे त्याचा जन्मच हक्कांच्या चर्चेतून झाला आहे. त्या दिवशी गावातील एखाद्या वनहक्क समितीच्या सदस्याला बोलवावे, दावा कसा भरतात, ग्रामसभेत त्यावर काय चर्चा होते, मोजणी कशी होते हे त्यांच्याकडून ऐकावे आणि त्यांना इतर पाहुण्यांप्रमाणेच मानधन आणि प्रवासखर्च द्यावा. नाचच हवा असेल तर तारपा भाताच्या हंगामाशी जोडलेला आहे; तो त्याच्या वेळी, वाजवणाऱ्यांच्या सोयीने ऐकायला मुलांनाच पाड्यावर न्यावे.

प्रश्न : माझा मुलगा आठवीत आहे. शाळेत आदिवासींवरील अन्याय आणि गुन्हेगार जमाती कायदा शिकवला गेल्यापासून तो घरी येऊन ‘म्हणजे आपणच वाईट होतो का?’ असे विचारतो. हे सारे ब्रिटिशांनी केले होते ना? मग कोवळ्या वयात मुलांच्या मनात अपराधीपणा आणि समाजासमाजांत तेढ कशासाठी निर्माण करायची? — एक पालक, पुणे

उत्तर : आपल्या मुलाचा प्रश्न चांगला आहे, त्याने विचारला म्हणजे धडा त्याच्यापर्यंत पोहोचला आहे. त्याला ‘नाही, ते ब्रिटिशांनी केले’ असे उत्तर दिले तर ते अर्धेच खरे ठरेल.

गुन्हेगार जमाती कायदा १८७१ साली ब्रिटिश सरकारने केला, हे बरोबर. आधी उत्तर भारतात लागू झालेला हा कायदा पुढे विस्तारत गेला आणि १९११ च्या कायद्यानंतर मुंबई इलाख्यातही त्याचा अंमल सुरू झाला. माणसाने काही केले आहे की नाही हे न पाहता केवळ तो कोणत्या जमातीत जन्मला यावरून त्याची नोंद करायची, त्याला ठरावीक वेळी हजेरी द्यायला लावायची, परवान्याशिवाय गाव सोडू द्यायचे नाही, आणि गरज वाटल्यास संपूर्ण कुटुंबांना कुंपणाच्या वसाहतीत ठेवायचे, अशी त्याची रीत होती. सोलापूरच्या जुन्या रहिवाशांना ‘सेटलमेंट’ म्हटले की कोणता भाग ते आजही सांगावे लागत नाही. स्वातंत्र्यानंतर या कायद्याची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या अय्यंगार समितीने १९५० मध्ये अहवाल दिला आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. इथपर्यंतची गोष्ट ब्रिटिशांच्या माथी मारता येते. पण त्यानंतर सराईत गुन्हेगारांसाठीचे कायदे आले. मुंबई राज्याचा असा कायदा १९५९ चा आहे. आणि गावात चोरी झाली की पारध्यांच्या पालावर आधी जाण्याची पोलिसांची व गावकऱ्यांची सवय तर कोणत्याच कायद्यात लिहिलेली नाही. (या कायद्याखाली आलेल्या सगळ्याच जमाती आदिवासींत मोडत नाहीत; महाराष्ट्रात फासेपारधी अनुसूचित जमातीत येतात, इतर कित्येक जमाती विमुक्तांत. शाळेत हा फरक सांगितला जातो की नाही ते एकदा वही उघडून पाहावे.)

धरणांचीही गोष्ट अशीच आहे. सरदार सरोवराच्या पाण्याखाली नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील जी तेहतीस गावे येत होती, ती प्रामुख्याने भिल्ल आणि पावरा लोकांची होती. तो निर्णय कोणा गोऱ्या साहेबाने घेतलेला नव्हता. वर उल्लेखलेल्या २००६ च्या कायद्याने ‘स्वतंत्र भारतातही’ हे शब्द घातले ते उगाच नव्हेत. तेव्हा मुलाला हे सांगावे की तो स्वतः वाईट नाही आणि आठवीतल्या मुलाकडून कोणी कबुलीजबाब मागत नाही. पण आपण ज्या राज्यात राहतो त्याची वीज, पाणी, लाकूड आणि रस्ते कोणाच्या जमिनीवरून आले हे माहीत असणे हा नागरिकशास्त्राचाच भाग आहे. १९७४ पासून महाराष्ट्रात आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला परवानगीशिवाय घेता येत नाही, हे आपण स्वतः कधी एखादा प्लॉट घेताना सातबाऱ्यावरील नोंदीत वाचले असेल; ती नोंद तेथे का आहे हे मुलाला समजावून सांगता आले तर बरेच काम झाले. तेढीबद्दल एवढेच म्हणतो की सिग्नलवर फुगे विकणाऱ्या पारधी मुलाबद्दल ‘ही मुले चोऱ्या करतात, खिडकी लाव’ असे गाडीत बोलले जाते तेव्हा तेढ आधीच शिकवून झालेली असते, आणि तिचे मूळ १८७१ च्या कायद्यात आहे हे कळल्यावर निदान ते वाक्य तोंडून निघताना जीभ अडखळते.

प्रश्न : आम्ही सहा वर्षांपूर्वी कॅनडात आलो. मुलगी पाचवीत आहे. ३० सप्टेंबरला शाळेत सगळे नारिंगी शर्ट घालतात आणि निवासी शाळांबद्दल शिकवतात. ती विचारते की हे इथल्या लोकांनी केले, आपण तर भारतातून आलो, मग आपण शर्ट का घालायचा? — एक आई, ब्रॅम्प्टन

उत्तर : तिला सांगावे की शर्ट हा माफीचा गणवेश नाही; त्या शाळांत नेलेल्या मुलांची आठवण आहे. कॅनडाच्या निवासी शाळांत दीड लाखांहून अधिक मूलनिवासी मुलांना ठेवले गेले, त्यांना आपली भाषा बोलू दिली नाही, आणि त्यांपैकी हजारो मुले घरी परतली नाहीत. शेवटच्या शाळा १९९० च्या दशकात बंद झाल्या, म्हणजे आपल्या मुलीच्या शिक्षिकांच्या शालेय वयात त्या चालू असतील. पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली ती २००८ मध्ये, आणि सत्य व सलोखा आयोगाने २०१५ मध्ये ज्या ९४ शिफारशी केल्या त्यांत हा इतिहास प्रत्येक इयत्तेत वयानुरूप शिकवावा अशी स्वतंत्र शिफारस आहे. त्यामुळे तिच्या वर्गात जे चालले आहे ते कोणा एका शिक्षिकेच्या उत्साहापोटी नाही.

‘आपण तर भारतातून आलो’ हे तिचे म्हणणे वरवर पाहता खरे आहे, पण आपले घर ज्या जमिनीवर आहे ती मिसिसॉगा या मूलनिवासी लोकांकडून १८१८ सालच्या अजेटन्स करारान्वये ब्रिटिश राजवटीकडे गेली. त्याच वर्षी पेशवाई संपली आणि खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला, आणि पुढच्या काही वर्षांत तेथील भिल्लांना ‘वळणावर आणण्यासाठी’ एजन्सी आणि पलटण उभारली गेली. एकाच साम्राज्याने एकाच वर्षी दोन ठिकाणी हात पसरले, असे नकाशावर दोन बोटे ठेवून तिला दाखवता येईल. तिच्या वयाला इतके पुरे. निवासी शाळांजवळच्या थडग्यांच्या शोधाबद्दलच्या बातम्या तिने स्वतः विचारल्याशिवाय दाखवू नयेत. आपल्यापासून गाडीने तासाभराच्या आसपास असलेल्या ब्रँटफर्ड येथे मोहॉक इन्स्टिट्यूट ही १९७० पर्यंत चाललेली निवासी शाळा होती आणि तेथे आता मूलनिवासींचे वूडलंड सांस्कृतिक केंद्र आहे. मुलगी आठवी-नववीत गेल्यावर तिला तेथे घेऊन जावे, आणि जाण्यापूर्वी लहानांना कोणता भाग दाखवतात हे केंद्राला विचारून घ्यावे. आणि पुढच्या सुट्टीत महाराष्ट्रात आलात की तिला आदिवासी आश्रमशाळा म्हणजे काय, तेथील मुलांची घरची भाषा कोणती आणि ती वर्गात बोलली जाते का, हे विचारायला शिकवावे. ब्रॅम्प्टनच्या वर्गात तिने जे ऐकले आहे त्यामुळे हे प्रश्न तिला आपल्यापेक्षा लवकर सुचतील.